शेवटच्या तासाचा भयांक

यंत्राचे आकडे वाचता येणारं कुणीतरी पालकांत हवं होतं, म्हणून प्रणिता जगदाळेला शिस्त समितीत घेतलं गेलं. निंबोरीच्या दूध संघात ती अकरा वर्षं गुणवत्ता तपासायचं काम करत होती. टँकर दारात आला, की त्याच्या झाकणाखालची हवा नळीने ओढून यंत्रात सोडायची आणि दूध नासायच्या वाटेवर आहे का ते सांगायचं. माणसाच्या नाकाला वास येण्याच्या पाच-सहा तास आधी यंत्राला कळलेलं असायचं. असंच यंत्र एक दिवस आपल्या मुलीच्या वर्गात लागेल, असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

वर्गात ते आलं त्याला कारण झाले कोळेकर सर. गेल्या मार्चमध्ये गृहपाठ केला नाही म्हणून त्यांनी आठवीतल्या एका मुलाला पटांगणात उभं केलं. उन्हात पाऊण तास. पोरगं चक्कर येऊन पडलं, डोक्याला चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी माणिकबाई शिराळकर विद्यालयाच्या फाटकाशी दोनशे माणसं जमली. सरांनी माफी मागितली, मुलगा बरा झाला, पण गावाचा राग काही उतरला नाही. त्याच सुमारास सरकारचा नवा कायदा लागू झाला होता. शाळेतल्या शिस्तीचे नियम यापुढे एकट्या मुख्याध्यापकांनी करायचे नाहीत. चार पालक आणि चार शिक्षकांनी एकत्र बसून करायचे, मुख्याध्यापक फक्त अध्यक्ष. आणि नियम निव्वळ मतांवर न ठरता पुराव्यावर ठरावेत म्हणून प्रत्येक वर्गाला एक पांढरी डबी मिळाली. फळ्याच्या वर, छताला लागून बसवायची.

ती डबी वर्गातली हवा हुंगायची. माणूस घाबरला, की त्याचे स्नायू आवळले जातात, नाडी वाढते. स्नायूंमध्ये साठलेला आयसोप्रीन नावाचा वायू त्या वेळी रक्तात उतरतो, रक्तातून फुप्फुसात येतो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. प्रमाण अगदी नगण्य. अब्जातले काही कण. पण दुधाच्या वाफेतलं एवढंसं आंबणं ओळखणाऱ्या यंत्रांना आता तेवढं पुरत होतं. शिवाय घामातले दोन-तीन वायू होते, ते नुसत्या हालचालीने वाढत नाहीत, धास्तीनेच वाढतात. वर्गात किती जण श्वास घेताहेत याचा अंदाज कार्बन डायऑक्साइडवरून यायचा. या सगळ्याचं गणित करून डबी दर पाच मिनिटांनी एक आकडा द्यायची, शून्य ते शंभर. त्याचं सरकारी नाव काहीतरी लांबलचक होतं. निंबोरीत सगळे त्याला भयांक म्हणायला लागले.

"कुठल्या मुलाची भीती, हे यातून कळत नाही," पहिल्या बैठकीत प्रणिताने समजावून सांगितलं. "सगळ्या खोलीचा मिळून एक आकडा. मुलांची नावं कुठंच नाहीत. म्हणून तर हे वापरायला परवानगी मिळाली."

"मुलांची नावं नकोतच आपल्याला," मोहिते म्हणाले. मोहित्यांचं एसटी स्टँडसमोर हार्डवेअरचं दुकान होतं आणि पालकांच्या बाजूने बोलायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. "शिक्षकाचं नाव तर वेळापत्रकावर असतंयच की."

समोर शिक्षकांच्या चौघांत कोळेकर सर बसले होते. पन्नाशीचे, शिडशिडीत. त्यांनी मान वर केली नाही.

नियम प्रणितानेच लिहिला. एखाद्या तासाला भयांक साठच्या वर गेला आणि असं महिन्यातून तीनदा झालं, तर तो वर्ग त्या शिक्षकाकडून काढून घ्यायचा आणि चौकशी लावायची. एक महिना नुसते आकडे गोळा करायचे, मग नियम कायम करायचा की नाही यावर मत घ्यायचं. मुख्याध्यापिका फडतरे मॅडमनी तो मोठ्याने वाचून दाखवला. वाक्य कसं स्वच्छ होतं, कुठे पळवाट नव्हती. प्रणिताला मनातून बरं वाटलं.

तिला या विषयात रस असण्याचं कारण जुनं होतं. तिचे वडील पट्ट्याने मारायचे. मुलगी झाली तेव्हाच तिने ठरवलं होतं की आपल्या घरात हात उगारला जाणार नाही, आणि बारा वर्षांत तो उगारला गेला नव्हता. आवाजसुद्धा चढवायची नाही ती. ईश्वरीचं काही चुकलं, मार्क कमी पडले, तर प्रणिता फक्त बोलायची बंद व्हायची. ताट वाढायची, वेणी घालायची, शाळेत सोडायची, पण एक शब्द नाही. कधी एक दिवस, कधी तीन. मग ईश्वरी आपणहून चूक कबूल करायची आणि घर पुन्हा सुरू व्हायचं. नवरा नितीन रत्नागिरीकडे पवनचक्क्यांच्या देखभालीवर असायचा, दर दुसऱ्या शनिवारी यायचा. "तुझ्यासारखी शांत आई मी बघितली नाही," असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा.

महिना संपला आणि आकडे आले.

कोळेकरांच्या तासाचा भयांक सातवी 'ब'मध्ये सरासरी एक्केचाळीस होता. शाळेच्या सरासरीपेक्षा जरा जास्त, पण साठच्या कितीतरी खाली. मोहित्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"हे बरोबर आहे का, ताई?"

"बरोबर आहे."

"मग हे काय?" त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

सातवी 'ब'चाच शेवटचा तास. वाचनाचा. शिकवणाऱ्या अनघा बाई, पंचविशीच्या, दोनच वर्षं झाली होती लागून. मुलांना गोलात बसवून गोष्टी वाचून दाखवायच्या. त्या तासाचा आकडा महिन्यात अकरा वेळा साठच्या वर गेला होता. एकदा चौऱ्याहत्तर.

 अनघा बाई समितीवर नव्हत्या, त्या वेळी खाली पाचवीच्या वर्गावर होत्या.

"गोड बोलणाऱ्यांचंच काही सांगता येत नाही," मोहिते म्हणाले. "काय करतीय ती बाई पोरांना? दार लावून घेते का?"

"अहो, काय बोलताय तुम्ही?" फडतरे मॅडम म्हणाल्या.

"मी नाही बोलत, मॅडम. यंत्र बोलतंय. नियम आपण सगळ्यांनी केला ना?"

पुढच्या शुक्रवारी मत घ्यायचं ठरलं. जिल्ह्याहून निरीक्षक येणार होते. प्रणिता बाहेर पडली तेव्हा अनघा बाई जिन्यात भेटल्या आणि हसून म्हणाल्या, "ईश्वरी काय सुंदर वाचते हो, मॅडम! परवा सगळा वर्ग गप्प बसून ऐकत होता." प्रणिताला त्यांच्याकडे नीट बघवलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कोळेकर सर दूध संघाच्या प्रयोगशाळेत आले. हातात सातवी 'ब'चा हजेरीपट. स्टुलावर अवघडून बसले.

"मॅडम, अनघा बाईंचं काही चुकत नाहीय. मी शेजारच्या वर्गात असतो, भिंतीतून सगळं ऐकू येतं. मुलं हसतात त्यांच्या तासाला."

"मग बैठकीत सांगा ना तसं."

"माझ्या तोंडून कोण ऐकणार?" ते कसनुसं हसले. "म्हणून हा पट आणला. माझा विषय गणित, पण यंत्रातलं मला कळत नाही. तुम्हाला कळतं. कुठल्या दिवशी कोण गैरहजर होतं ते बघा. काहीतरी हाती लागेल."

"सर, तुमचा आकडा कमी आला. तुम्ही सुटलात की."

कोळेकरांनी टेबलावरची दुधाच्या नमुन्याची एक बाटली उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

"त्या खोलीत एकतीस श्वास मुलांचे आणि एक माझा," ते म्हणाले. "तो मुलगा पडला त्या दिवसापासून वर्गात शिरताना मलाच भीती वाटते. कुणाला बोललो नाही. तो एक्केचाळीस पोरांचाच आहे, की त्यात माझाच वाटा जास्त आहे, हे तुमच्या यंत्राला सांगता येईल का?"

येणार नव्हतं. प्रणिताने तसं सांगितलं. ते पट ठेवून निघून गेले.

तिने दुपारभर जरा जरा वेळ काढून आकडे मांडले. आधी साधी शंका फेडली. शेवटच्या दहा मिनिटांत मुलं दप्तरं भरतात, उठतात, हालचालीनेही आयसोप्रीन वाढतो. पण मग सातवी 'अ'चाही वाढायला हवा होता. तो जेमतेम सात-आठने वाढत होता. आणि 'ब'चा चढ सुरू व्हायचा चार पस्तीसला, मुलं अजून गोलात बसलेली असताना. पाच वाजेपर्यंत चढतच जायचा. म्हणजे भीती तासात नव्हती. भीती तासानंतर जे येणार होतं त्याची होती.

घराची.

हे लक्षात आलं तेव्हा तिला आधी सुटल्यासारखं झालं. अनघा बाई निर्दोष होत्या. मोहित्यांचा मुलगा त्याच वर्गात होता आणि मोहित्यांचा आवाज सगळ्या गावाला माहीत होता. तिने त्याच्या गैरहजेरीचे दोन दिवस शोधले. आकडा खाली आला होता, थोडासा. एकोणसत्तरवरून पासष्ट. आणखी दोन मुलांचं तसंच. दुधात भेसळ कुठल्या गोठ्यातून येते हे शोधायला ती हीच रीत वापरायची. एकेक कॅन बाजूला काढायचा आणि उरलेलं तपासायचं. हातांना सवय होती, म्हणून ते थांबले नाहीत. मुलांची नावं कुठंच नाहीत, असं तिनेच बैठकीत सांगितलं होतं, याची आठवण तिला त्या वेळी झाली नाही.

मग ती पटाच्या मधल्या ओळीवर आली. जगदाळे ईश्वरी नितीन. तापामुळे तीन दिवस रजा. बारा, तेरा, चौदा तारीख.

बारा तारखेचा आकडा एक्केचाळीस. तेराचा एकोणचाळीस. चौदाचा बेचाळीस. एका नासक्या कॅनने सगळा टँकर आंबतो, हे तिने कितीदा तरी पाहिलं होतं.

तीन दिवस काहीही सिद्ध करत नाहीत, हे तिला चांगलं माहीत होतं. त्या तीन दिवसांत आणखीही कुणीकुणी आलं नसेल. तिने पट पुन्हा पाहिला. तसं कुणीच नव्हतं. नितीन घरी आलेला असला की तोच ईश्वरीला आणायला जायचा. शनिवारी, आणि रविवारला जोडून सुट्टी टाकली असली तर सोमवारी. असे तीन दिवस तिने आपल्या मोबाइलमधून शोधले. पस्तीस. चाळीस. अडतीस. बाकी सगळे दिवस फाटकाशी स्कूटर घेऊन तीच उभी असायची.

तिच्या सहकाऱ्याने विचारलं, "मॅडम, टँकर येऊन थांबलाय, घेऊ का आत?" ते तिला दोनदा विचारावं लागलं.

मंगळवारी सकाळी वेणी घालताना ती म्हणाली, "ईशू, आज बाबा येणारेत. तुला न्यायला तेच येतील."

"खरंच? आज तर मंगळवार."

"सुट्टी मिळाली त्यांना."

हे खोटं होतं. वेणीची रिबीन तिने दोनदा सोडून पुन्हा बांधली. आपण आपल्या पोरीवर प्रयोग करतोय, हे तिला कळत होतं. पण कळून घेतल्याशिवाय राहवत नव्हतं.

पावणेपाचला ती फाटकासमोरच्या स्टेशनरीच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिली. समितीची सदस्य म्हणून तिला मोबाइलवर आकडे बघायची मुभा होती. चार पस्तीस, अडतीस. चार चाळीस, सदतीस. चार पन्नास, एकोणचाळीस. चार पंचावन्न, अडतीस. घंटा झाली.

मुलं बाहेर आली. ईश्वरी मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून, मोठ्याने काहीतरी सांगत, मागे मागे चालत येत होती. ती इतकं मोठ्याने बोलते हे प्रणिताला माहीतच नव्हतं. ती आडोशातून पुढे झाली. ईश्वरी वळली.

पुढे कितीदा तरी प्रणिताला तो क्षण आठवला. ईश्वरी दचकली नाही, की रडवेली झाली नाही. तिने फक्त मैत्रिणीच्या खांद्यावरचा हात खाली घेतला, दप्तराचे पट्टे सरळ केले आणि तोंड मिटलं. एखादं दुकान बंद करावं तसा चेहरा बंद झाला. मग ती शहाण्या मुलीसारखी चालत आली.

"बाबा नाही आले?"

"त्यांना जमलं नाही."

"बरं."

स्कूटरवर ती मागे बसली, पण तिने प्रणिताला धरलं नाही. मागच्या दांडीला धरलं. रोज तिथेच धरत असणार. प्रणिताने इतक्या वर्षांत ते पाहिलं नव्हतं.

शुक्रवारची बैठक चार वाजता सुरू झाली. जिल्ह्याचे निरीक्षक तरुण होते, टॅबलेटवर भराभर टिपणं घेत होते. मोहित्यांनी प्रस्ताव मांडला. अनघा बाईंचा वर्ग काढून घ्यावा आणि नियम कायम करावा. दोन पालक त्यांच्या बाजूचे होते. चार शिक्षक एकत्र विरोधात जाणार हे उघड होतं. चौथं पालकाचं मत प्रणिताचं. ते मोहित्यांच्या बाजूने पडलं तर चाराला चार, आणि फडतरे मॅडम निर्णायक मत देताना निरीक्षकांसमोर यंत्राच्या विरुद्ध जातील असं कुणालाच वाटत नव्हतं.

"जगदाळे ताई, बोला," मोहिते म्हणाले. "नियम तुमचाच आहे."

प्रणिताला तीन दिवसांत नीट झोप लागली नव्हती. गप्प राहायचं ठरवलं असतं तर कुणाला काही कळणार नव्हतं. फार तर एका तरुण बाईची चौकशी झाली असती, सुटलीही असती कदाचित. 

"नियम चुकीचा आहे," ती म्हणाली. "शेवटच्या तासाला मुलं अनघा बाईंना घाबरत नाहीत. त्यांना घरी जायची भीती वाटते."

"कुणाच्या घरी?" मोहित्यांचा आवाज लगेच चढला. "पालकांवर घालताय का आता?"

"माझ्या."

कोळेकर सरांनी मान वर केली.

"मी माझ्यापुरतं सांगते. दुसऱ्या कुणाचं मला माहीत नाही आणि असलं तरी मी सांगणार नाही. ज्या दिवशी मी फाटकाशी नसते त्या दिवशी हा आकडा चाळीसच्या आसपास असतो. मी माझ्या मुलीला कधी हात लावला नाही. आवाज चढवला नाही. मी बोलणं बंद करते. मला वाटायचं, ही शिस्त आहे. तिला काय वाटतं ते मला यंत्राकडून कळलं."

फडतरे मॅडमनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. मोहिते आपल्या हातांकडे बघत राहिले. त्यांचा मुलगा गैरहजर असलेल्या दोन दिवसांचे आकडे प्रणिताच्या पर्समध्ये होते. तिने ते बाहेर काढले नाहीत.

निरीक्षक मात्र टॅबलेटवरून डोकं वर काढून उत्साहाने म्हणाले, "हे फार महत्त्वाचं आहे, मॅडम. म्हणजे खरा प्रश्न घरात आहे. मग डब्या घरांतच बसवल्या पाहिजेत. स्वेच्छेने, अर्थातच. मी प्रस्ताव पाठवतो."

"नको," प्रणिता म्हणाली. तिच्या आवाजातली घाई सगळ्यांना जाणवली. "आज तिला माझी भीती वाटते. घरात डबी लागली, की आपल्याला भीती वाटली हे आईला कळेल, याचीही भीती वाटेल. ती श्वाससुद्धा जपून घेईल, साहेब."

"पण त्याशिवाय तुम्हाला कळलं असतं का?"

"नसतं," प्रणिता म्हणाली. 

मत झालं. पाच विरुद्ध तीन, नियम पडला. त्याच्या जागी कोळेकर सरांनी सुचवलेलं एक वाक्य आलं. कुठलाही आकडा वर गेला तर आधी त्या वर्गातल्या मुलांना विचारावं, आणि विचारताना यंत्र बंद असावं. मोहित्यांनी त्यालाही विरोध केला, पण उठताना प्रणिताजवळ थांबून हळूच म्हणाले, "ताई, ते माझ्या पोराचं काही... दिसतं का हो त्यात?"

"त्यालाच विचारा," ती म्हणाली. "पण मोठ्याने नको."

घरांचा प्रस्ताव निरीक्षकांनी पाठवला तो पाठवलाच. पुढे ऐकू आलं, की शेजारच्या तालुक्यात शंभर घरं निवडली गेली आहेत.

बैठकीत ईश्वरीचं नाव कुणी घेतलं नव्हतं. पण प्रणिताला मुलगी एकच होती आणि निंबोरी लहान होतं. सोमवारी शाळा सुटल्यावर ईश्वरी फाटकाबाहेर आली ती लाल चेहऱ्याने. स्कूटरवर बसली नाही.

"तू माझा श्वास मोजलास?"

"ईशू, सगळ्या वर्गाचा..."

"माझा मोजलास. आणि बाबा येणारेत म्हणून खोटं सांगितलंस. सगळे विचारत होते मला, तू आईला घाबरतेस का म्हणून. मोहित्यांचा मुलगापण." तिने दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरले होते. "मला का नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

ईश्वरीने विचार केला. खरं सांगायचं की नाही, याचाही तिने विचार केला, हे प्रणिताला दिसलं.

"नाही," ती म्हणाली. "पण विचारायचं तर."

मग ती एकटीच चालायला लागली. प्रणिता स्कूटर ढकलत तिच्यामागून, दहा पावलांचं अंतर ठेवून, सगळा बाजार ओलांडून घरापर्यंत आली. लोक बघत होते. नितीनला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि त्या शांततेत आपण फोन कानावर दाबून त्याच्या श्वासाचा अंदाज घेतोय हे प्रणिताच्या लक्षात आलं. एवढ्याशा शांततेत. तिने बारा वर्षांच्या पोरीला तीन-तीन दिवस त्यात ठेवलं होतं.

त्या आठवड्यात घरात बोलणं झालं ते अगदी कामापुरतं. या वेळी अबोला ईश्वरीने धरला होता, आणि तो मोडायचा हक्क आपल्याला नाही असं प्रणिताला वाटत होतं. ईश्वरीने एवढंच सांगितलं, की यापुढे ती एकटी चालत येणार. प्रणिता हो म्हणाली. रोज पाच वाजल्यापासून ती दारात उभी राहायची. पाच वीसला ईश्वरी कोपऱ्यावर दिसायची. मधली वीस मिनिटं कशी जायची ते तिचं तिला ठाऊक. मोबाइलवर भयांक बघायची मुभा अजून होती आणि हात सारखा तिकडे जायचा; समितीचा राजीनामा दिला तेव्हा ती मुभा गेली आणि हात थांबला.

पुढच्या गुरुवारी पाच वीस झाले, पाच तीस झाले, ईश्वरी आली नाही. पाच चाळीसला ती कोपऱ्यावर दिसली, पाय ओढत. दारात येऊन थांबली. आत आली नाही. दप्तरातून एक घडी घातलेला कागद काढला आणि आईच्या हातात न देता स्वतःच्याच हातात धरून ठेवला.

"गणितात अकरा मिळाले. पंचवीसपैकी."

आणि ती आईकडे बघत उभी राहिली. डोळे मोठे, तोंड मिटलेलं, खांदे वर ओढलेले. तिने श्वास धरून ठेवला होता. हे कळायला आता कुठल्या डबीची गरज नव्हती.

प्रणिताच्या आत जुनी सवय जागी झाली. ओठ आपोआप मिटले, नजर बाजूला वळायला लागली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि लगेच. असू दे म्हणावं तर ते खोटं वाटलं असतं. अभ्यास कर म्हणावं तर नेहमीचंच झालं असतं. एकेक शब्द तोंडापर्यंत येऊन मागे फिरत होता आणि समोर ईश्वरीचा चेहरा हळूहळू बंद व्हायला लागला होता.

"मी गप्प बसलेली नाही, ईशू," ती एकदम म्हणाली. आवाज चिरका निघाला. "मला फक्त सुचत नाहीये. काय बोलायचं ते मला येत नाही. मी अबोला धरलेला नाही. खरंच नाही."

ईश्वरीने तिच्याकडे निरखून पाहिलं. दूध घेण्याआधी प्रणिता ज्या नजरेने नमुना बघायची, तसं. मग तिचे खांदे जरासे खाली आले. तिने लांब श्वास सोडला, चपला काढल्या आणि कागद आईच्या हातात ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "मग तुला सुचेपर्यंत मी हातपाय धुऊन येते."